उतारावरचं टेकाड

२१ नोव्हेंबर २००८, शुक्रवार

आलो एकदाचे मसाफीच्या डोंगरात, आखातातल्या आडबाजूला! शहरातला रोल्लाचा फ्लॅट सोडला. चारूची नोकरी गेलेली नाही म्हणे — तो 'साइट केअरटेकर' झालाय. काल प्रोजेक्ट इंजिनिअर, आज राखणदार. बारा व्हिलांची कॉलनी व्हायची होती. तीन उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीत आम्ही. बाकी दोन्हींत कबुतरं. कंपनी याला 'टेंपररी होल्ड' म्हणते. क्रॅश म्हणायला तोंड दुखतं त्यांचं.

व्हरांड्यासमोर उतारावर गवताचं लांबट टेकाड आहे. म्हटलं, वा, लॉन! चारू म्हणाला, "ते सेप्टिकचं आहे."

खाली सगळा खडक, शोषखड्डा खणता येत नाही. म्हणून टाकीतलं घाण पाणी पंपाने त्या टेकाडावर चढवायचं आणि आतल्या वाळूत मुरवायचं. डिझाइन चारूचं. ताजमहाल दाखवावा तसं दाखवत होता!

लोक व्हरांड्यातून समुद्र बघतात. आम्ही आमचीच — असो.

५ डिसेंबर

फ्रिजवर नियम लागले. सिंकमध्ये तेल ओतायचं नाही. दिवसाला मशीनचा एकच घाणा. टेकाडावर झाड नाही, खेळ नाही, गाडी तर नाहीच — वाळू दबली की खलास. अंघोळ पाच मिनिटं.

आभा नऊ वर्षांची. तिने यादी वाचली. "बाबा, कॅन आय अ‍ॅटलीस्ट पी?"

बाबांनी गंभीरपणे परवानगी दिली.

१२ डिसेंबर

उताराच्या पायथ्याशी खजुराची लहानशी बाग आहे. तिथे रशीदा राहते. इथलीच, साठीची, एकटी. शेळ्या, एक विहीर, आणि तरुणपणी मुंबईच्या फेऱ्यांत कमावलेलं भन्नाट हिंदी. आभा शाळेच्या बसमधून उतरली की आधी तिथे जाते. आज मला ताटभर खजूर दिले. "तुम ऊपर, मैं नीचे. पड़ोसी!"

इथे मला आवडलेलं पहिलं माणूस. दुसरं अजून सापडायचंय.

१९ डिसेंबर

कंपनीचे शैलेंद्रसाहेब आले. गॉगल, परफ्यूम, प्रॅडो. सोबत कोणी गिऱ्हाईक — या दिवसांत गिऱ्हाईक! त्याला व्ह्यू दाखवायला यांनी प्रॅडो सरळ टेकाडावर चढवली. चारू ओरडत धावला. साहेब काच खाली करून म्हणाले, "अरे रिलॅक्स, मिट्टी ही तो है."

पुढेमागे करून गाडी फिरवली तीही तिथेच. गिऱ्हाईक काही परत फिरकायचं नाही. चाकांचे खड्डे मात्र आमच्याकडे ठेवून गेले.

चारू नंतर गुडघ्यांवर बसून वाळू चाचपत होता. एवढी काळजी माझ्या कंबरेची घेतली असती तर!

२ जानेवारी २००९

टेकाडाच्या खालच्या कडेला ओल. वास. आतले पाइप चेपलेत, पाणी मुरायचं सोडून बाहेर पाझरतंय. पट्टा हिरवागार झालाय आणि तो सरळ खाली जातोय — रशीदाच्या बागेकडे. विहिरीकडे.

चारूने शैलेंद्रला फोन लावला. स्पीकरवर होता. "बजेट नहीं है. और हबीबी, म्युनिसिपालिटी को बोलना मत. व्हिसा अपनी कंपनी का है ना? फॅमिली का भी?"

चारू "येस सर" म्हणाला. येस सर!

९ जानेवारी

तो रोज फावडं घेऊन टेकाड खणतो. पाइप मोकळे करतो म्हणे. संध्याकाळपर्यंत परत ओल. बिनपगारी हौस.

"रशीदाला सांगितलंस का?" विचारलं.

"बघतो मी," म्हणाला.

वीस वर्षं इंजिनिअरिंग केलं आणि कणा कुठल्या ड्रॉइंगमध्ये राहिला कोण जाणे.

१६ जानेवारी

रशीदाने शेळीचं दूध पाठवलं. मी चहा केला, प्यायले. छान होता.

मीही कुठे सांगितलंय? लिहायला बसले की चारूवर शब्द सुचतात. स्वतःवर आले की पेन अडतं.

२३ जानेवारी

मैला उपसायला यूनुसचा टँकर आला. चांगला माणूस, पेशावरचा. टाकी रिकामी केली, टेकाडाभोवती फिरून आला आणि मान हलवली. "भाभी, ये तो सारा नया बनेगा. कंपनी नहीं करेगी. बलदिया पकड़ेगी, तब करेगी."

बलदियाला, म्हणजे म्युनिसिपालिटीला, कळलं की कंपनी व्हिसा रद्द करणार. मग तीस दिवसांची मुदत आणि विमान. आभाची शाळा वर्षाच्या मधेच बंद. चारूला पुण्यात आता कोण विचारतंय? सगळं कळतं मला. कळून करायचं काय!

३० जानेवारी

आज धीर करून खाली गेले. वाक्यं पाठ केली होती. विहिरीपाशी उभी राहिले आणि एकदम बोलून टाकलं — हमारा गंदा पानी आपके कुएँ में आ रहा है, मत पीजिए.

रशीदा शेळीला पाला घालत होती. मागे वळलीसुद्धा नाही. "मालूम है. तेरा आदमी पहले दिन ही आया. बोला, मत पियो, बकरी को भी मत दो, बलदिया में जाओ, मेरा नाम लिखाओ. रोया भी."

मी विचारलं, मग तुम्ही बलदियात का नाही गेलात?

"जाती तो तुम लोग जाते. बच्ची का इस्कूल है." मग घराआड नेऊन तिने विकत आणलेल्या पाण्याचे कॅन दाखवले. महिनाभर उचलून आणतेय. कडेची दोन खजुराची झाडं पिवळी पडली होती. त्यांच्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "ये मेरे शौहर ने लगाया था." बस, एवढंच.

वर आले. चारू खणत होता. हातांना फोड आले होते, मला आज दिसले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आधीच इतकी चिडलेली असतेस."

आतून दुसरं फावडं घेऊन आले.

१ फेब्रुवारी

बलदियात गेलो. काउंटरवरच्या माणसाने तक्रार करणाऱ्याचं नाव विचारलं. चारू तोंड उघडणार, त्याआधी मी माझं सांगितलं. त्याला ते लिहिता येईना. चारूने एकेक अक्षर सांगितलं.