तिसरं पातेलं

उठलास की चहाआधी हे वाच. मी दुकान उघडायला गेलेय, खारू अजून झोपलीये. तिला दूध निळ्या पेल्यातच दे, नाहीतर तोंड लावणार नाही.

काल तुम्ही बापलेक खेळत असताना तुझा भाऊ आला. बेल वाजली तशी तू डोक्यावरचं पातेलं काढून सोफ्यामागे सरकवलंस. खारू मात्र आपलं पातेलं घालून चमच्याने वाजवत उभीच. थेरपीच्या बाई कानीकपाळी ओरडून सांगतात, ती खेळेल तेच आपण खेळायचं आणि ती बोलावेल याची वाट बघायची. काल तिने बोलावलं. सोफ्यामागून तुझं पातेलं शोधून तुझ्या मांडीवर आणून ठेवलं. आजवर कुणाच्या हातात काही आणून न देणारी आपली पोर. आणि तू ते खाली ठेवून गाडीच्या मायलेजवर बोलत बसलास. वर भावाला म्हणालास, जरा लाजाळू आहे ती.

ती ऑटिस्टिक आहे, हे त्याला नीट सांग. लाजाळू तू आहेस.

भावाला मी संध्याकाळी पुन्हा बोलावलंय. तुझं आणि खारूचं पातेलं ओट्यावर आहे. त्याचं डोकं मोठं, म्हणून त्याच्यासाठी भाताचं पातेलं घासून ठेवलंय.