कुंदाबाईच्या सतरा पेट्या

१२ सप्टेंबर १९९१
धुळ्याहून एसटीने धरणगाव, पुढे बैलगाडी. कुंदाबाईंनी दारातच गूळपाणी दिलं. त्यांच्या सतरा मधपेट्या कपाशीच्या बांधावर, बाभळींच्या सावलीत. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या देवपूरला चालल्यात, तोवर माश्या मी सांभाळायच्या. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत, हे मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात शिकलो होतो. पेटीला कान लावून राणी आहे की मेली हे ओळखायला मात्र त्यांनी शिकवलं. मन अगदी खूश झालं. निघताना एकच गोष्ट दोनदा बजावली : शेजारी फवारणी असली की पहाटे, माशी बाहेर पडायच्या आत, पेट्यांची दारं जाळीने बंद करायची आणि वरून ओली पोती टाकायची.

१९ सप्टेंबर
शेजारच्या शेताचे रुपचंदभाऊ मुद्दाम येऊन सांगून गेले, "सकायले फवारा मारस. पेट्या झाकी ठेव." पोती भिजवून ठेवली.

२० सप्टेंबर
जाग आली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. धावत गेलो. पेट्यांपुढे माश्या पाठीवर पडून गरगरत होत्या. दुपारी सगळं गप्प. सुपाने भरभरून खड्ड्यात लोटल्या.

२२ सप्टेंबर
कुंदाबाई परतल्या. रुपचंदभाऊंनी कळवलंच नाही, असं मी सांगून टाकलं. त्या तडक त्यांच्या दारात गेल्या. सांगितलं होतं, अशी रुपचंदभाऊंनी बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. कुणी मानली नाही. घरी येऊन बाईंनी मलाच भाकरी वाढली. म्हणाल्या, "तुनी चूक नही, भाऊ."

२५ सप्टेंबर
रिकाम्या पेटीला कान लावला. गुणगुण. उघडली, तर नुसती मेणाची कोरडी पोळी. दूर चालत गेलो, तरी आवाज तेवढाच. माझ्या गळ्यातून येत होता.

२७ सप्टेंबर
खोकलो. माशी पडली. मेलेली, ओली. चूळ भरली — आणखी तीन.
रुपचंदभाऊंच्या शेतात आज एकही बाई तण निंदायला गेली नाही.

३० सप्टेंबर
बाईंना खरं सांगायला गेलो. तोंड उघडलं आणि — त्याच. त्यांच्या पायांपाशी, ओंजळभर. बाई मागे सरकल्या नाहीत. एक उचलून तळहातावर घेतली, माझ्याकडे पाहिलं. मला मान वर —

१ ऑक्टोबर
जीभ हलत नाही. श्वास पुरत नाही. लिहितो. बाई समोर बसल्यात, वहीसाठी हात पुढे करून —
निरोप मिळाला होता. रुपचंदभाऊ खोटं बोलले नाहीत. खोटं मी —