गुलाबी मुलूख

मंगरूळपीर, शुक्रवार, फेब्रुवारी १९७४

लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये मी आणि माझी मैत्रीण लीला एकाच गुलाबी पेन्सिलीने नकाशा रंगवायचो. इंग्रजांचा मुलूख तो गुलाबी, म्हणून अख्खा हिंदुस्थान गुलाबी. पेन्सिल झिजून एवढीशी झाली की तिच्यावरून भांडायचो. किती गोड दिवस!

आज सातवीच्या इतिहासाच्या तासाला मीही पोरींना तेच सांगितलं, देश गुलाबी रंगवा. दरवर्षी सांगते. शेलूबाजारहून येणाऱ्या सुमनने देश काळा रंगवला. मी फुली मारली.

"बाई, फुली कायले मारली?"

"गुलाबी सांगितला होता ना गं?"

"आपली जमीन तं काळी हाय. गुलाबी कोन्या वावरात पाह्यली तुमी?"

पोरी खिदळल्या. मीही हसले, आणि मग त्या फुलीकडे पाहिलं. इंग्रज कधीचे गेले, आणि मी अजून पोरींना त्यांचाच रंग देतेय? फुली खोडली. तिथेच, सगळ्यांसमोर. सुमन केवढी फुलली!

एप्रिलमध्ये निवृत्त होतेय. कुणाला काय द्यायचं ते आताच लिहून ठेवते. माझ्या टिपणवह्या नव्या बाईंना, त्यातलं 'गुलाबी' खोडून. रंगांची नवी पेटी सुमनला. तिचा नकाशा वर्गाच्या भिंतीला. त्या जुन्या पेन्सिलीचा माझ्याकडे उरलेला गुलाबी तुकडा पाकिटातून लीलाला. तिला म्हणावं, घे, आता भांडत नाही.