घेणाऱ्याची सही

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
शनिवार, दुपारचे तीन

प्रिय मोनू,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा हनुमानकाकाची गाडी नाशिकला तुझ्या दारात उभी असेल आणि तू त्याच्याकडे डोळे वटारून बघत असशील. त्याच्यावर रागावू नकोस. पोटात गोष्ट ठेवणं त्या माणसाला चाळीस वर्षांत जमलं नाही, ते आता कुठून जमणार? मंगळवारी सकाळी आला, अर्धा कप चहा प्यायला आणि कपाकडेच बघत म्हणाला, "भाऊ, मोनूचा फोन व्हता. परतीची गाडी हाय का म्हणली, नाशकाहून इकडं. सामान लई नाय, एका माणसाचं हाय म्हणली. अन् अण्णाला सांगू नका म्हणली." एवढं बोलला आणि उरलेला चहा तसाच टाकून निघून गेला. आज पाचवा दिवस. माझं कशात म्हणून लक्ष नाही. काल दाढी करताना एकच गाल दोनदा केला.

तुला दोनदा फोन केला होता, आठवतंय ना? पहिल्यांदा तू मीटिंगमध्ये होतीस. दुसऱ्यांदा म्हणालीस, "सगळं ठीक आहे अण्णा, तुमचा गुडघा कसा आहे?" मग मी गुडघ्याचं सांगत बसलो. सव्वीस वर्षं अनोळखी लोकांना खडसावून विचारलं, किती नग, आत काय, कुठं जायचं, आणि पोटच्या पोरीला एक प्रश्न विचारता येईना. एका माणसाचं सामान म्हणजे काय, मोनू? प्रणयरावांशी काय झालं? त्यांनी हात तर नाही ना उचलला तुझ्यावर? तू जेवतेस ना वेळेवर? गाडी भरताना ते घरी असतील का, काही बोलतील का, सोबतीला कोणी आहे का तुझ्या? फाटक वाजलं की उठतो, बघतो तर दूधवाला. तुझी आई म्हणते, "बसा जरा, फरशी झिजंल."

आमची सुखना रोडलाईन्स तुला आठवत असेल. जुन्या मोंढ्यातलं ते पत्र्याचं ऑफिस, मागे गोदाम, सहा गाड्या आणि बुकिंगच्या खिडकीत मी. बाकीचे ट्रान्सपोर्टवाले कापूस, सरकी, सिमेंट वाहायचे. आमचं नाव होतं ते घरसामानासाठी. मे महिना लागला की बदल्यांचा हंगाम. मास्तर, तलाठी, बँकवाले, पाटबंधारेवाले, सगळे आमच्या खिडकीशी. परभणीचं घर बीडला, बीडचं लातूरला. अख्खा मराठवाडा आम्ही एकदा इकडून तिकडं करून ठेवला असेल. आता टोप्या घातलेली पोरं येतात, फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये चमचासुद्धा गुंडाळतात आणि गाडी कुठवर आली ते मोबाईलवर दिसतं. चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. आमच्याकडे पोती, साळीचा पेंढा आणि त्या घरातल्या बाईची जुनी लुगडी, एवढ्यावर काम. पण हर्सूलच्या नाक्यापासून नांदेडपर्यंत आमची कपबशी फुटली नाही, निदान फारशी नाही.

हमालांचा मुकादम होता मुंजाबा. अक्षरशत्रू माणूस, पण घराच्या दारात उभा राहून एक नजर टाकायचा आणि सांगायचा, एका गाडीत बसतंय की नाही. त्याची एक पद्धत होती. माल चढवायच्या आधी तो साहेबाला काही विचारायचा नाही. थेट घरातल्या बाईला विचारायचा, "वहिनी, तिकडं गेल्यावर पहिलं काय लागंल?" बाई जे सांगेल ते तो सगळ्यात शेवटी चढवायचा, अगदी मागच्या फाळक्याच्या फळीला टेकवून. कारण शेवटी चढतं तेच आधी उतरतं. कोणी स्टोव्ह सांगायच्या, कोणी देवांची पेटी. जिंतूरच्या एका मास्तरीणबाईंनी पाळणा सांगितला होता. तिकडं गेल्यावर फाळका पडला की पहिली तीच वस्तू दारात, म्हणजे परक्या गावातही बाईला घर लागल्यासारखं वाटायचं. मालकांनी कधी हे शिकवलं नव्हतं आणि पावतीवरही कुठं लिहिलेलं नव्हतं.

मुंजाबाच्या संगतीत मलाही सामान वाचायची सवय लागली. कोण हौसेनं चाललंय, कोण नाइलाजानं, कोणाच्या घरात दोन वळकट्या दोन कोपऱ्यांत बांधल्यात, हे मला खिडकीतून कळायचं. तुझी आई चेष्टा करायची, की ह्यांना माणसाचा चेहरा वाचता येत नाही, पण ट्रंक बरोबर वाचतात. आता त्याच तोंडानं मला पुढचं लिहायचंय, आणि दोनदा पेन खाली ठेवून झालं.

मागच्या पंचमीला तू आलीस. पहिल्याच संध्याकाळी आईला साडी दाखवायला तू कॉटवर बॅग उघडलीस आणि साड्यांच्या खाली मला कुकर दिसला. तीन लिटरचा, लग्नात आईनं दिलेला, शिट्टीला काळा दोरा बांधलेला. चार दिवसांच्या माहेरपणाला कोणी कुकर आणतं का? मोनू, मला त्याच क्षणी कळलं होतं. तू राहायला आली होतीस. तोंडानं सांगायचं धाडस होत नव्हतं, म्हणून कोणीतरी विचारावं याची वाट बघत होतीस. आणि मी, अख्ख्या मराठवाड्याचं सामान वाचणारा शहाणा, आंधळ्याचं सोंग घेऊन बसलो. लोक काय म्हणतील, भावकीत काय उत्तर देऊ, प्रणयरावांच्या घरच्यांना कसं तोंड दाखवू, हेच डोक्यात. पाचव्या दिवशी म्हणालो, "जावईबापूंच्या जेवणाची आबाळ होत असेल." तुझी बॅग मीच भरली. कुकर वाटेत वाजू नये म्हणून त्यात टॉवेलसुद्धा मीच कोंबला, अगदी जुन्या पद्धतीनं, घट्ट. स्टँडवर तुला खिडकीची जागा धरून दिली आणि वर उपदेश, की जुळवून घ्यावं लागतं बेटा. लहानपणी भाजीत मीठ किती यावरून माझ्याशी तासभर भांडणारी तू, फक्त "बरं, अण्णा" म्हणालीस. बस गेली आणि मला हलकं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. घरी आलो तर तुझी आई पाठ फिरवून भाकरी थापत होती. त्या दिवसापासून या घरात बसस्टँडचं नाव काढायची मला बंदी आहे.

आता बिल्टीचं सांगतो, म्हणजे तुला पुढचं कळेल. बिल्टी म्हणजे मालाबरोबर जाणारा कागद. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, उतरवायचा पत्ता, आणि खाली माल मिळाल्याची घेणाऱ्याची सही. कधीकधी पाठवणारा आणि घेणारा एकच असायचा. तेव्हा घेणाऱ्याच्या रकान्यात आम्ही लिहायचो, सेल्फ. एकदा हिंगोलीहून एका नर्सबाईंचं सामान असं आलं. सुलेखाबाई नाव. बदली नव्हती, नवं घरही नव्हतं. सकाळपासून गोदामात स्वतःच्या ट्रंकेवर बसून होत्या, भावाची वाट बघत. भाऊ काही आला नाही. दुपारी मी खिडकीतून दहा लोकांदेखत ओरडलो, "बाई, घेणारं कोणीच नाही का तुम्हाला?" मला कागदापुरतंच विचारायचं होतं. त्या उठल्या, "नाही" म्हणाल्या, आणि स्वतःच स्टोव्ह उचलून चालायला लागल्या. मुंजाबानं धावत जाऊन तो हातातून घेतला. मला म्हणाला, "कारभारी, असं इचारत्यात व्हय बाईमाणसाला?" तेव्हा मला त्याचाच राग आला होता.

सुखना बंद पडली तेव्हा आमच्या ड्रायव्हर हनुमाननं त्यातली एक गाडी घेतली आणि उरलेली बिल्टीबुकंही उचलून नेली. अजून तीच फाडतो. वर औरंगाबाद छापलेलं आहे आणि फोन नंबर पाच आकडी. त्याचा हात हल्ली थरथरतो, म्हणून बिल्टी माझ्याकडूनच लिहून घेतो. काल संध्याकाळी बुक घेऊन आला. मी लिहिलं, पाठवणारी मोनिका. घेणारा कोण, म्हणून वर बघितलं तर हा बाहेरच्या जास्वंदीकडे बघतोय. शेवटी म्हणाला, "सेल्फ लिव्हा भाऊ. पडेगावात खोली घेतलीय तिनं. आता मला नका इचारू." मी इतके दिवस समजत होतो की तू आमच्याकडे येतेस आणि आम्हाला चकित करणार आहेस. येडा बाप. पडेगाव आपल्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं. म्हणजे तू याच गावात राहणार, याच गावचं पाणी भरणार, आणि भाजीबाजारात आम्ही समोर आलो तर तोंड चुकवणार. हे कोणी केलं ते मला माहीत आहे. प्रणयरावांनी काय केलं ते तू सांगशील तेव्हा सांग, पण माझ्या पोरीला तिच्याच गावात सेल्फ मी केलं, त्या दिवशी खिडकीची जागा धरून. तुझी आई मंगळवारी दाराआड सगळं ऐकत होती. तिनं मागच्या खोलीतली ज्वारीची पिंपं बाहेर काढली आणि भिंतीला चुना लावून घेतला. आज मला पेन घेऊन बसलेलं बघून म्हणाली, "पत्र लिव्हता का पुन्हा बस धरून देता?"

तर हे पत्र एवढ्यासाठी, की या पाकिटात दोन बिल्ट्या आहेत. एक तू सांगितलीस तशी, पडेगाव, सेल्फ. तीच हनुमानकाकाच्या हातात ठेवलीस तर मी रुसणार नाही. मला फक्त खोली कुठं आहे ते कळव, पोती उचलायला येईन, आणि येऊ नका म्हणालीस तर नाही येणार. दुसरीवर पत्ता उस्मानपुऱ्याचा आहे आणि घेणाऱ्याचं नाव आहे माझं, कारभारी. तिच्यावर खाली माझी सही बघशील. माल दारात उतरल्याशिवाय, नग मोजल्याशिवाय, फुटतूट बघितल्याशिवाय सही करायची नाही, हे मी सव्वीस वर्षं सगळ्यांना बजावत आलो. आज न बघता, न मोजता केली आहे, आणि फुटतुटीच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आहे. इकडं आल्यावर पहिलं काय लागेल, हे मुंजाबाच्या पद्धतीनं विचारलं असतं, पण उत्तर मला गेल्या पंचमीपासून माहीत आहे. दुसरी बिल्टी दिलीस, तर बेटा, कुकर सगळ्यात शेवटी चढव.

तुझी वाट बघणारा, तुझाच
अण्णा