रेकॉर्डवरचं नाव

मुंबई, ९ फेब्रुवारी १९७१

तीर्थरूप मायच्या पायी भटूचा दंडवत.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

धुळ्याच्या चर्चमध्ये पियानो शिकलो, ते कामी आलं. तुझ्या जात्यावरच्या ओवीला मी पियानोवर नाचता ठेका दिला. ज्या हॉटेलात आमचा बँड वाजवतो, तिथे लोक जेवण थांबवून ऐकायचे.

ज्यांच्या हाती तू मला सोपवलंस, त्या एरंडोलच्या दगडूभाऊंनी, आमच्या बँडच्या मालकांनी, त्याची रेकॉर्ड काढली. काल ती हातात आली. आवाज माझा, पियानो माझा, पण गीत-संगीत म्हणून नाव त्यांचं! विचारलं तर हसले, "गाणं बठ्ठासनं शे ना, भटू?" सगळ्यांचं, तर नाव एकट्याचं का?

रात्रभर रडलो, माय. पण ओवी तू रचलेली, आणि मीही ती माझीच म्हणून सांगत आलो होतो.

आज त्यांचा बँड सोडला. आता गाण्याआधी तुझं नाव सांगेन.

तुझा,
भटू