स्वयंपाकघर एका दिवसापुरते गावाबाहेर काढण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा भूमापन अधिकारी,
हद्द व सीमा शाखा,
एकेस्टाड.

विषय : अर्जदाराचे स्वयंपाकघर गेल्या गुरुवारपुरते होल्मवीक गावाच्या हद्दीबाहेर धरणेबाबत.

संदर्भ : १) साप्ताहिक ‘होल्मवीक वार्ता’, दि. ११ सप्टेंबर १९७१, पान चार, तळाशी.
२) ‘होल्मवीकची हद्द व इतिहास’, लेखक : अर्जदार स्वतः.

महोदय,

१. सविनय निवेदन की, अर्जदार एल्गोट ब्रुनबेर्ग हा ‘होल्मवीक वार्ता’चा संस्थापक, प्रकाशक, संपादक व बातमीदार असून कंपॉझिटर आजारी पडल्यास खिळेही स्वतःच जुळवतो. शिवाय अर्जदार लेखक आहे. गावाचा इतिहास, हेरिंग माशाचा इतिहास व एक कादंबरी ही त्याची ग्रंथसंपदा. कादंबरीचा उल्लेख केवळ माहितीसाठी. ती गावात कोणी वाचल्याचा पुरावा नाही. पत्राच्या नावाखाली पहिल्या अंकापासून ‘येथे छापले ते खरे’ अशी ओळ असते आणि चूकदुरुस्ती छापण्याची वेळ आजवर आलेली नाही. या एका गोष्टीवर अर्जदाराने सारी हयात काढली आहे.

२. गुरुवार दि. १६ रोजी अर्जदारास सत्तर वर्षे पूर्ण झाली. अशा वाढदिवसाला आपल्याकडे सगळे गाव न बोलावता येते, हे आपणांस सांगणे न लगे. साठीच्या वेळी पुरुषांच्या गायकमंडळाने पहाटे खिडकीखाली चार आवाजांत गाऊन अर्जदारास अंथरुणातून उठवले, नगराध्यक्षांनी हेरिंगवर भाषण केले आणि केक संपेपर्यंत कोणी खुर्ची सोडली नाही. कादंबरीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. सबब यंदा अर्जदाराने चारचौघे देतात तशी पेपरात चौकट दिली : ‘अभिनंदनासाठी कृपया येऊ नये. बाहेरगावी गेलो आहे.’ अशी चौकट देणारे पडदे ओढून घरीच बसलेले असतात हे जगजाहीर आहे. परंतु ‘वार्ता’त ती छापण्याआधी अर्जदार प्रत्येकाचे तिकीट पाहत आलेला आहे. स्वतःचे तेवढे पाहायचे राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

३. पत्राची प्रुफे अर्जदाराची पत्नी हिल्डूर तपासते. हे प्रूफ वाचताच तिचा चेहरा उजळला व तिने माळ्यावरून बॅग काढली. गोटलंड बेटावर बहिणीकडे जाऊन येऊ, असे ती कैक वर्षे म्हणत होती. कुठेही जायचे नसून ही केवळ बोलण्याची रीत आहे, असा खुलासा अर्जदाराने केला. त्यावर तिने प्रूफ तपासून हाती दिले. बॅग मात्र तिने परत माळ्यावर ठेवली नाही, हे अर्जदाराच्या ध्यानात आले नाही.

४. गुरुवारी कोणीही आले नाही. धुराड्यातून धूर दिसेल म्हणून अर्जदाराने चूल पेटवू दिली नाही, त्यामुळे कॉफीही नव्हती. खरे सांगायचे तर दुपारपर्यंत अर्जदारास वाईट वाटू लागले. येऊ नका म्हटले तरी एखाददुसरा येतोच, अशी आशा होती. थंडी सहन न होऊन अर्जदार पत्नीचा कोट घालून व तिचा रुमाल डोक्याला बांधून लाकडे आणायला मागीलदारी गेला असता शेजारच्या टेकला न्यूलुंड बाईंनी पाहिले आणि ब्रुनबेर्गांच्या घरात चोर शिरल्याची खबर दिली.

५. हवालदार स्वांटे ओकर आले. हे दर रविवारी अर्जदाराशी बुद्धिबळ खेळतात. त्यांनी अर्जदारास दिव्याखाली नेऊन नीट न्याहाळले व म्हणाले, “दिसता अगदी एल्गोटसारखे, आजोबा. पण एल्गोट बाहेरगावी गेलाय. पेपरात आलंय.”

मीच एल्गोट, असे अर्जदाराने सांगितले.

“म्हणजे पेपरात खोटं छापलंय म्हणता?”

येथे अर्जदाराची पंचाईत झाली. धरले तर चावते, सोडले तर पळते. ओकर यांनी मग पत्नीस विचारले की, हे तुमचे यजमान काय? तिने बटाटा सोलता सोलता उत्तर दिले, “प्रूफ मी तपासलंय. त्यात चूक नाही.”

सबब बायकी वेषातील एका अनोळखी वृद्धाविरुद्ध घरफोडीचा गुन्हा दाखल झाला असून पुढील आठवड्यात सुनावणी आहे. तेथे अर्जदार एक तर चोर ठरेल, नाही तर ‘वार्ता’ खोटी ठरेल.

६. अर्जदाराचे घर गावाच्या टोकाला असून हद्द परसातील झुडपांमागून जाते. ती गुरुवारपुरती चुलीच्या अलीकडे घेतल्यास अर्जदार घरी असूनही बाहेरगावी ठरतो, ‘वार्ता’ खरी ठरते आणि ओकर यांना तेथे पाऊल टाकण्याचा अधिकार उरत नाही. प्रकाशक या नात्याने अर्जदाराची ही कळकळीची विनंती आहे. लेखक या नात्याने त्याची हरकत आहे, कारण ही हद्द कधीही हललेली नाही असे त्याने ग्रंथात ठासून लिहिले आहे. लेखकाची हरकत नोंदवून घ्यावी व फेटाळावी. त्यास त्याची सवय आहे.

७. येथवरचा मजकूर काल सकाळी अर्जदाराने रिवाजाप्रमाणे पत्नीकडे तपासायला दिला. तिने एक स्वल्पविराम घातला आणि म्हणाली, “एवढी हद्द हलवायची, त्यापेक्षा तू स्वतः हलला असतास तर?” मग बॅग उचलून ती बसने एकेस्टाडला, बोट गाठायला गेली. टेबलावर येत्या शनिवारसाठी चौकट ठेवली होती : ‘हिल्डूर ब्रुनबेर्ग बाहेरगावी गेल्या आहेत. परतीचे ठरलेले नाही.’ नियमाप्रमाणे सोबत तिकिटाची नक्कल टाचलेली होती. अर्जदाराने चौकट स्वतः जुळवली. अक्षर न् अक्षर खरे आहे.

८. सबब कलम ६ मधील विनंती अर्जदार मागे घेत असून, होल्मवीकची हद्द पूर्वेकडे गोटलंड येथील मेहुणीच्या घरापलीकडे न्यावी, अशी नवी विनंती करीत आहे. मध्ये समुद्र येतो याची कल्पना आहे. तसे झाल्यास हिल्डूर गावातच असल्याचे ठरेल व ‘वार्ता’ खोटी पडेल. चूकदुरुस्ती पहिल्या पानावर, ठळक खिळ्यांत छापण्यास अर्जदार तयार आहे.

हे नियमात बसत नसल्यास बोट एकेस्टाडच्या कोणत्या धक्क्यावरून व किती वाजता सुटते, एवढे तरी उलट टपाली कळवावे. आजवर अर्जदाराने तिकिटे पुष्कळांची तपासली, पण बोट पाहिलेली नाही.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
एल्गोट ब्रुनबेर्ग
होल्मवीक, दि. २१ सप्टेंबर १९७१

सोबत : दोन्ही चौकटींची प्रुफे. दुसरे पाहून झाल्यावर कृपया परत करावे.