तबल्यावरचा कागद

गुरुवार, दिवेलागण

पहिल्यांदा आली ती फोटोवाली बाई, मागनं मिरजगावला चहा पिऊन संस्थेची माणसं. वस्तीवरच्या शाळेला तबला दिला, लई चांगलं केलं. पन आपल्या नावाचा कागद चिकटवला कुठं, तर थेट तबल्याच्या मधल्या काळ्या शाईवर, जिथं बोट वाजतं तिथंच. चीडच आली मला. आसा तबला बोलंल का?

माझी नात सोनी घरात परातीवर ठेका धरती. शाळेत तिनं तबल्याला हात लावला तर गुरुजी म्हनले, "कागद फाटेल, बाळ."

मी म्हनलं, "गुरुजी, तेल लावून काढते की."

"आजी, संस्थेची माणसं परत येईपर्यंत राहू द्या."

पोरगी कागदाच्या कडंकडंनं बोटं वाजवत बसली. तरी ताल चुकला न्हाई माझ्या सोनीचा.

आन् तो कागद तसाच. सोमवारी पोरांचं वाजवनं ऐकायला येतो, म्हनून गेलेत ती संस्थेची माणसं.